भास्कराचार्य : जीवन, ग्रहगणित आणि जैन परंपरा

त्र्यंबकेश्वरहून नाशिककडे जाताना अंजनेरीचा डोंगर लागतो. त्याच्या पायथ्याशी यादवकालीन मंदिरांचे अवशेष विखुरलेले असून त्यांत जैन मंदिरेही आहेत. येथील एका शिलालेखावर शके १०६३ (इ. स. ११४१-४२) असा काळ नोंदविलेला आहे. यादव कुळातील सेउणदेव याने आठवे तीर्थंकर भगवान चंद्रप्रभ यांच्या मंदिरासाठी दुकाने दान दिली आणि धनिक व्यापाऱ्यांनीही त्या दानात आपली भर घातली, अशी ती नोंद आहे.

हा लेख कोरला गेला तेव्हा सह्याद्रीच्याच परिसरात जन्मलेला एक तरुण गणिती सत्तावीस वर्षांचा होता. आणखी नऊ वर्षांनी त्याने जो ग्रंथ पूर्ण केला, तो पुढे कित्येक शतके भारतभर ज्योतिर्गणिताचा आधारग्रंथ मानला गेला. तो गणिती म्हणजे भास्कराचार्य आणि तो ग्रंथ म्हणजे सिद्धान्तशिरोमणी.

आपल्या समाजाच्या दृष्टीने या चरित्राला एक वेगळे महत्त्व आहे. जैन आगमांत वर्णिलेल्या दोन सूर्य व दोन चंद्र या मताचे भास्कराचार्यांनी स्पष्ट शब्दांत खंडन केले आहे. तरीही पुढील काळातील जैन मुनींनी त्यांच्या ग्रंथांचे अध्ययन केले आणि त्यांवर टीका लिहिली. असे का घडले असावे, हे समजून घेण्यासाठी भास्कराचार्यांचे जीवन आणि त्यांची विचार करण्याची पद्धत जाणून घेणे आवश्यक आहे.

कुल आणि विद्याभ्यास

भास्कराचार्यांनी आपला जन्मशक स्वतःच्या ग्रंथातच नमूद करून ठेवला आहे. त्यानुसार त्यांचा जन्म शके १०३६ म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. त्यांचे गोत्र शांडिल्य आणि गाव सह्य पर्वताजवळचे विज्जडविड. या गावाच्या स्थानाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी त्यांच्या घराण्याचा प्रत्यक्ष पुरावा खानदेशात, चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथे सापडला आहे.

त्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू होते. पाटणच्या शिलालेखात या घराण्याची वंशावळ दिली असून तीत पिढ्यान्पिढ्या विद्वान होऊन गेल्याचे दिसते. घरातच वेद, व्याकरण, काव्य आणि गणित यांचा अभ्यास चालत असल्याने बालवयापासून त्यांच्यावर विद्येचे संस्कार झाले. भास्कराचार्यांचे ग्रंथ गणिताचे असूनही त्यांतील भाषा काव्यमय आहे, याचे कारण या संस्कारांत शोधता येते.

ग्रंथरचना

शके १०७२ म्हणजे इ. स. ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ रचला. लीलावती, बीजगणित, गणिताध्याय आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. लीलावतीत अंकगणित व क्षेत्रगणित आहे. बीजगणितात अज्ञात राशींची समीकरणे आहेत. गणिताध्यायात ग्रहांची स्थाने काढण्याच्या रीती आहेत. आणि गोलाध्यायात त्या रीतींमागील कारणे सांगितली आहेत. या ग्रंथावर त्यांनी स्वतःच वासनाभाष्य लिहिले. येथे वासना या शब्दाचा अर्थ उपपत्ती असा आहे. केवळ नियम पाठ करून गणकाचे काम भागत नाही, त्यामागील उपपत्ती त्याला सांगता आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

लीलावती ही त्यांची कन्या होती आणि मुहूर्त चुकल्यामुळे तिचा विवाह होऊ शकला नाही, ही कथा सर्वपरिचित आहे. परंतु ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले, त्यात ती आढळते.

गोल आणि निराधार पृथ्वी

पृथ्वी गोल आहे, हे मत भास्कराचार्यांच्या पूर्वीच आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आदी आचार्यांनी मांडले होते. भास्कराचार्यांचे वैशिष्ट्य असे, की सामान्य माणसाच्या मनात येणारी प्रत्येक शंका त्यांनी विचारात घेतली. पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते, या शंकेला त्यांचे उत्तर सोपे आहे. कोणत्याही वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग घेतला, तर तो सरळच भासतो. पृथ्वी प्रचंड आणि माणूस लहान, म्हणून त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात येणारा भाग त्याला सपाट दिसतो.

दुसरी शंका आधाराची. पृथ्वी शेषाच्या किंवा कूर्माच्या आधारावर आहे असे मानले, तर त्या शेषाला आधार कोणाचा, आणि त्या आधाराला पुन्हा आधार कोणाचा, हा प्रश्न कधीच संपत नाही. शेवटी कोणाला तरी स्वतःच्या शक्तीने स्थिर मानावेच लागते; मग ती शक्ती पृथ्वीचीच का मानू नये, असे ते विचारतात. पृथ्वीच्या ठिकाणी आकर्षणशक्ती असून ती आकाशातील जड वस्तू आपल्याकडे ओढून घेते, आणि त्यालाच आपण पडणे म्हणतो, असेही त्यांनी सांगितले. पृथ्वी सतत खाली पडत आहे, असे एक मत ते बौद्धांचे म्हणून देतात. त्यावर त्यांचा आक्षेप असा, की वर फेकलेली वस्तू परत पृथ्वीवर येताना आपण पाहतो. मग पृथ्वी पडत आहे असे कसे म्हणता येईल? या विवेचनावरून न्यूटनचा नियम भारतात आधीच सापडला होता, असा दावा कधी कधी केला जातो. तो बरोबर नाही. भास्कराचार्यांनी त्या आकर्षणाचे गणित मांडलेले नाही. मात्र कारण शोधण्याची त्यांची दृष्टी निश्चितच अपूर्व होती.

पृथ्वीचा परिघ त्यांनी ४,९६७ योजने आणि व्यास सुमारे १,५८१ योजने दिला आहे. या दोन आकड्यांचे गुणोत्तर ३.१४१६ येते. परिघ मोजण्याची रीतही त्यांनी दिली. दक्षिणोत्तर रेषेवरील दोन गावांमधील अंतर मोजावे, दोन्ही ठिकाणचे अक्षांश काढावेत आणि त्रैराशिकाने पूर्ण ३६० अंशांचे अंतर मिळवावे. अक्षांश म्हणजे त्या गावातून ध्रुव क्षितिजापासून जितका वर दिसतो ते अंश. त्र्यंबकेश्वरी ध्रुवतारा सुमारे २० अंशांवर दिसतो, उज्जैनला सुमारे २३ अंशांवर, तर कन्याकुमारीला अवघ्या ८ अंशांवर. पृथ्वी सपाट असती, तर उत्तरेकडे जाताना ध्रुव असा ठरावीक प्रमाणात वर चढत गेला नसता.

दोन सूर्यांचा प्रश्न

येथे आपण मुख्य विषयाकडे येतो. सूर्यप्रज्ञप्तीसारख्या आगमग्रंथांत जंबूद्वीपाच्या मध्यभागी मेरू पर्वत असून त्याभोवती दोन सूर्य व दोन चंद्र परिभ्रमण करतात, असे वर्णन आहे. दोन्ही सूर्य परस्परांच्या समोर असतात आणि प्रत्येक सूर्य आपले मंडल साठ मुहूर्तांत, म्हणजे दोन अहोरात्रांत, पूर्ण करतो. त्यामुळे आज उगवलेला सूर्य उद्या पुन्हा उगवत नाही. उद्याचा सूर्य दुसरा असतो. नक्षत्रांचीही संख्या याच न्यायाने २८ ऐवजी ५६ होते.

या मतावर वराहमिहिर व ब्रह्मगुप्त यांनी पूर्वीच आक्षेप घेतले होते. भास्कराचार्यांनी ध्रुवाजवळच्या, कधीही न मावळणाऱ्या ताऱ्यांचा दाखला दिला. या तारकासमूहाला ते ध्रुवमत्स्य म्हणतात. हा मत्स्य ध्रुवाभोवती फिरताना एका अहोरात्रात पूर्ण फेरी करतो, हे कोणालाही डोळ्यांनी पाहता येते. आकाशाची फेरी दोन अहोरात्रांत होत असती, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी हा मत्स्य अर्धाच फिरलेला, म्हणजे डोक्याच्या जागी शेपूट अशा स्थितीत दिसला असता. तसे दिसत नाही. म्हणून सूर्य एकच आहे, असा त्यांचा निष्कर्ष.

या खंडनाची भाषा काहीशी बोचरी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु भास्कराचार्यांनी केवळ दुसऱ्यांच्या मतांचीच परीक्षा घेतली, असे मात्र नाही. त्यांच्या स्वतःच्या परंपरेतील पुराणांतही पृथ्वी आरशासारखी सपाट मानली होती. त्यांनी त्या मतालाही तोच प्रश्न विचारला. पृथ्वी सपाट असून सूर्य तिच्यावरून फिरत असेल, तर तो सर्वांना सदैव का दिसत नाही? मेरूच्या आड गेल्यामुळे रात्र होते म्हणावे, तर सूर्य आणि आपण यांच्यामध्ये तो सुवर्णमय मेरू दिसत का नाही? आणि मेरू उत्तरेला असताना हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे कसा उगवतो? म्हणजे परक्यांसाठी जी कसोटी, तीच स्वकीयांसाठीही त्यांनी लावली.

ग्रहणाचे कारण

ग्रहणाविषयीही त्यांची हीच पद्धत दिसते. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो आणि सूर्यग्रहणात चंद्र सूर्याला झाकतो, हे पूर्वाचार्यांनी सांगितलेले कारण त्यांनी निरीक्षणांच्या आधारे स्पष्ट केले. चंद्रग्रहण चंद्राच्या पूर्व कडेने सुरू होते, तर सूर्यग्रहण सूर्याच्या पश्चिम कडेने. अर्ध्या ग्रासलेल्या चंद्राची टोके बोथट दिसतात आणि ग्रहण दीर्घ काळ टिकते. यावरून त्याला झाकणारी वस्तू मोठी आहे. अर्ध्या ग्रासलेल्या सूर्याची टोके मात्र टोकदार दिसतात आणि ग्रहण लवकर सुटते; यावरून त्याला झाकणारी वस्तू लहान आहे. शिवाय सूर्यग्रहण एका गावी दिसते, तर दुसऱ्या गावी दिसत नाही. एकच राहू दोन्ही ग्रहणांचे कारण असता, तर दिशा, आकार आणि काल यांत असा भेद पडला नसता. राहूविषयीच्या श्रद्धेचा मात्र त्यांनी उपहास केला नाही. ब्रह्मदेवाच्या वरामुळे राहू त्या वेळी त्या छायेत व चंद्रबिंबात प्रवेश करतो, असे सांगून त्यांनी गणित आणि पुराण या दोहोंचा मेळ घातला.

प्रत्येक पौर्णिमेला व अमावास्येला ग्रहण का होत नाही? कारण चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशी किंचित तिरका आहे. हा तिरपेपणा त्यांनी २७० कला म्हणजे साडेचार अंश धरला. आधुनिक मान पाच अंशांहून थोडे अधिक आहे. हे दोन मार्ग जेथे छेदतात, ते बिंदू म्हणजे गणितातील राहू व केतू. चंद्र त्यांच्या जवळ असताना पौर्णिमा किंवा अमावास्या आली, तरच ग्रहण संभवते, आणि असा योग साधारण सहा महिन्यांनी येतो. आपल्या आगमांतही पर्वराहू चंद्राला किमान सहा महिन्यांनी ग्रासतो, असे सांगितले आहे. कारणाविषयी मत भिन्न असले, तरी आकाशाचे निरीक्षण दोन्ही परंपरांनी केले होते, हे यावरून दिसते.

चंद्राचे अंतर भास्कराचार्यांनी ५१,५६६ योजने दिले आहे. ते पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६५ पट होते. आधुनिक मान सुमारे ६० पट आहे. सूर्याच्या बाबतीत मात्र त्यांचे आकडे फारच अपुरे ठरले. त्यांनी सूर्याचा व्यास पृथ्वीच्या सुमारे चौपट मानला. प्रत्यक्षात तो सुमारे १०९ पट आहे. तसेच पृथ्वी स्थिर असून ग्रह तिच्याभोवती फिरतात, असेच ते मानत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटांचे मत त्यांनी स्वीकारले नाही. थोर पुरुषांच्या या मर्यादाही जाणून घ्याव्यात. त्यामुळे त्यांची थोरवी कमी होत नाही.

ग्रहगती आणि सिंहस्थ

त्र्यंबकेश्वरच्या रहिवाशांना ग्रहगतीचा परिचय सिंहस्थामुळे आपोआपच होतो. गुरू सिंह राशीत आला, की येथे सिंहस्थ पर्व भरते. २००३ व २०१५ या दोन पर्वांमध्ये बारा वर्षांचे अंतर होते. भास्कराचार्यांच्या ग्रहगणितात गुरूची एक फेरी सुमारे ४,३३२.२४ दिवसांची येते आणि आधुनिक मान ४,३३२.५९ दिवस आहे. एवढ्या दीर्घ काळात अर्ध्या दिवसाचाही फरक नाही. ही फेरी पूर्ण बारा वर्षांची नसून सुमारे ११.८६ वर्षांची आहे. म्हणून सात फेऱ्यांना ८४ नव्हे, तर ८३ वर्षे लागतात आणि केव्हातरी सिंहस्थ बाराऐवजी अकराव्या वर्षी येतो. त्यांचे नाक्षत्र वर्षाचे मानही आजच्या मानापेक्षा केवळ सुमारे तीन मिनिटांनी अधिक आहे.

ग्रह नेहमी सारख्या गतीने चालत नाहीत. कधी शीघ्र, कधी मंद, तर कधी वक्री होतात. चंद्राची गती तर प्रत्येक घटकेला बदलते. म्हणून केवळ दिवसाची सरासरी न धरता त्या क्षणाची, म्हणजे तात्कालिक गती काढली पाहिजे, हे भास्कराचार्यांनी आग्रहाने सांगितले. ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष अचूक काढायचा, तर याला पर्याय नाही. पुढे गणितात चलनकलन या नावाने विकसित झालेल्या विचाराचे बीज येथे दिसते, असे अभ्यासक मानतात.

वेधासाठी त्यांनी शंकू, घटी, चक्र इत्यादी यंत्रे वर्णिली आणि फलकयंत्र स्वतः योजले. परंतु सर्व यंत्रांत बुद्धी हेच श्रेष्ठ यंत्र होय, असे त्यांचे मत होते. हातात केवळ एक काठी असली, तरी बुद्धिमान माणूस डोंगराची उंची आणि ताऱ्याचे स्थान काढू शकतो, असे त्यांनी दाखवून दिले.

उत्तरायुष्य आणि पाटणचा मठ

शके ११०५ म्हणजे इ. स. ११८३ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ लिहिला. पंचांग करणाऱ्या गणकांना सुलभ जावे, यासाठी त्यात ग्रहगणिताच्या सोप्या रीती दिल्या आहेत. आयुष्याच्या संध्याकाळी एवढ्या मोठ्या विद्वानाने सामान्य गणकासाठी सोपे पुस्तक लिहावे, यातच त्यांच्या स्वभावाची ओळख पटते.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाल याने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे राजा सिंघणाचे मुख्य ज्योतिषी झाले. याच चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापन केला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणलेल्या तेथील शिलालेखात शके ११२८ असा काळ असून, श्रावण पौर्णिमेला चंद्रग्रहणाच्या वेळी निकुंभवंशीय सोइदेवाने मठाला दान दिल्याची नोंद आहे. ज्यांनी ग्रहणाची उपपत्ती सांगितली, त्यांच्या विद्येसाठी ग्रहणकाळीच दान मिळावे, हा मोठा सुंदर योग आहे. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत असून, पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील काही हिस्सा मठाला द्यावा, असे त्यात म्हटले आहे. अंजनेरीला दुकानांच्या उत्पन्नावर जिनमंदिर चालावे आणि पाटणला बाजाराच्या उत्पन्नावर गणिताचा मठ चालावा, अशी त्या काळची व्यवस्था होती. त्याच पाटणच्या डोंगरात नागार्जुन कोठडी हे जैन लेणेही आहे.

जैन मुनी आणि भास्कराचार्य

गणित ही जैन परंपरेला परकी विद्या नव्हती. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह हा श्रेष्ठ ग्रंथ लिहिला होता. भास्कराचार्यांच्याच शतकात आचार्य मलयगिरी सूर्यप्रज्ञप्तीवर टीका लिहीत होते. इ. स. १३७० मध्ये महेंद्रसूरींनी यंत्रराज हा ग्रंथ रचून तारे व ग्रह यांचा वेध घेण्याच्या यंत्राची माहिती प्रथमच संस्कृतात आणली. आणि सतराव्या शतकात सुमतिहर्ष या जैन मुनींनी भास्कराचार्यांच्या करणकुतूहलावर गणककुमुदकौमुदी ही टीका लिहिली.

सुमतिहर्ष मुनींना आगमांतील जंबूद्वीपाचे वर्णन ठाऊक नव्हते, असे कोण म्हणेल? तरीही तिथी आणि ग्रहण यांच्या गणितासाठी त्यांनी भास्कराचार्यांची रीत अभ्यासली आणि ती इतरांना समजावून दिली. आपल्या बारा भावनांमध्ये लोकभावना आहे. विश्वाच्या विस्तारात जीवाचे स्थान कोणते, याचे चिंतन त्या वर्णनातून साधते. ग्रहण कोणत्या घटकेला लागेल, हा मात्र प्रत्यक्ष पाहून पडताळण्याचा विषय आहे. पर्युषणाची तिथी ज्या पंचांगावरून आपण पाहतो, त्याच्या गणितामागे भास्कराचार्यांसारख्या आचार्यांचे परिश्रम आहेत.

अनेकांतवाद म्हणजे सर्वच मते सारखी खरी मानणे नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे कोणत्या अपेक्षेने खरे आहे, हे धीराने तपासून पाहणे, हा त्याचा अर्थ होय. आपल्या मताचे खंडन करणाऱ्या आचार्याच्या ग्रंथावर टीका लिहून सुमतिहर्ष मुनींनी अनेकांताचे आचरण करून दाखविले. घरातील मुलांना एखाद्या निरभ्र रात्री उत्तरेकडे तोंड करून उभे करावे, ध्रुवतारा दाखवावा आणि त्याच्याभोवतीचे तारे दोन-तीन तासांत कसे सरकतात, ते त्यांच्याकडूनच टिपून घ्यावे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा पाहिले, म्हणजे ध्रुवमत्स्य आपल्या पहिल्या जागी आला की नाही, याचे उत्तर मुले स्वतःच देतील.